बाकीच्या झाकल्या तरी चालतील

पोहण्याचा तलाव बंदिस्त होता. वर काचेचं छत, खाली फरश्या, त्यामुळे आत आवाज नुसता घुमायचा. वरच्या बाकांवर बसणाऱ्या आईबापांना खालचं बोलणं कधी कळायचं नाही, हसणं तेवढं ऐकू यायचं. फ्रेमवालीला आपल्या लेकीचं हसणं कुठेही ओळखू आलं असतं. घरात ते ऐकून कित्येक आठवडे झाले होते. इथे मात्र ते दर थोड्या वेळाने उसळत होतं, आणि ज्या बाईमुळे उसळत होतं ती काठावर उकिडवी बसून पोरीची हनुवटी दोन बोटांनी वळवून दाखवत होती, श्वास घेताना मान किती फिरवायची ते.

हनुवटीला हात लावायची काय गरज आहे, असं फ्रेमवालीच्या मनात आलं. मग वाटलं, आपण म्हणजे अगदीच हे आहोत. पोहायला शिकवणारी बाई हात न लावता शिकवणार कशी? तरी तिने पर्स उगाच या मांडीवरून त्या मांडीवर ठेवली आणि नजर काही तिथून काढली नाही.

फ्रेमवाली म्हणजे फोटोंना आणि चित्रांना चौकटी करून देणारी. बाजारामागच्या गल्लीत तिचं लांबट, अरुंद दुकान होतं. एका भिंतीला चौकटींच्या पट्ट्या उभ्या रचलेल्या, मध्ये काच कापायचं टेबल, त्यावर काचेवर रेघ मारायची जुनी हिरकणी आणि लोखंडी पट्टी. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होता. गावातल्या उंच इमारतींचे वॉचमन त्याच्या ओळखीचे आणि त्याचे विनोदही त्या सगळ्यांच्या ओळखीचे. या दोघांना उशिरा झालेली ही एकच मुलगी. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी गोल डोळे करून बघायची म्हणून आईने तिला ठकी म्हणायला सुरुवात केली. आता ती आईच्या डोक्याच्या वर गेली होती, दहावीला होती, पण घरात ठकीच राहिली.

तलावावर मात्र ती मासोळी होती. हे नाव शिकवणाऱ्या मॅडमनी ठेवलेलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फ्रेमवालीला तोंडात काचेचा कण आल्यासारखं झालं होतं. तिला स्वतःला पाण्याची भीती. पाणी गुडघ्याच्या वर आलं की हातपाय गळायचे. म्हणजे लेक ज्या जगात रमली होती तिथे आईला पायसुद्धा टाकता येत नव्हता, आणि त्या जगाची मालकीण ही आखूड केसांची, तिच्याच वयाची, बिनलग्नाची बाई होती. तिला ना घरी कुणाचा डबा करायचा होता, ना कुणाचे कपडे वाळत घालायचे होते. सगळी माया ती दुसऱ्यांच्या पोरींवर उधळायला मोकळी होती.

त्या संध्याकाळी घरी जाताना ठकी म्हणाली, "आई, उद्यापासून तू वर येऊन बसू नकोस ना."

"का गं?"

"दडपण येतं मला. मॅडमपण म्हणाल्या, घरचं कोणी बघत असलं की मी घाई करते."

"असं मॅडम म्हणाल्या," फ्रेमवाली म्हणाली.

ठकीचे बाबा जेवताना म्हणाले, "अगं, सोळा वर्षांची पोर आहे. या वयात आईबाप म्हणजे जुन्या लिफ्टसारखे असतात. लागतात रोज, पण चारचौघांत त्यांचा आवाज नको वाटतो." फ्रेमवालीला हसू आलं नाही.

तिने बाकांवर जाणं बंद केलं. पण लक्ष ठेवणं काही बंद केलं नाही, उलट ते वाढलंच. ठकी आता फोन पालथा ठेवायची. वाजला की दचकायची. ताटातलं अर्धं तसंच टाकून उठायची. संध्याकाळी चालत यायची ती आता मॅडमच्या गाडीतून यायची, आणि गाडी कोपऱ्यावर उभी राहून दोघी आत किती तरी वेळ बोलत बसायच्या. खिडकीच्या पडद्याआडून फ्रेमवालीला नुसत्या दोन सावल्या दिसायच्या. वर आल्यावर विचारलं, "काय बोलत होतात एवढं?" की उत्तर ठरलेलं असायचं. "काही नाही, पोहण्याचं."

एकदा ठकी जादा सराव आहे असं सांगून गेली. फ्रेमवाली काचेचा माल आणायला निघाली होती, वाटेत तलावाचं फाटक लागलं. त्याला कुलूप होतं. पाणी बदलायला तलाव दिवसभर बंद, असा फलक होता. ती तशीच पुढे चालत राहिली आणि चौकातल्या कॉफीच्या दुकानाच्या काचेतून तिला दोघी दिसल्या. ठकी रडत होती. साधंसुधं नव्हे, खांदे हलवून, नाक ओढत, लहान पोरासारखं. आणि मॅडमनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले होते.

लहानपणी मनगट मोडलं होतं तेव्हापासून ठकी आईसमोर रडली नव्हती. फ्रेमवाली बसथांब्याच्या आडोशाला उभी राहिली. लेक का रडतेय हा प्रश्न मनात आधी यायला हवा होता. आधी आलं ते हे, की तिच्यासमोर का रडतेय. इतकं जळायला लागलं आतून, की तिला आपला हात छातीवर दाबून धरावा लागला. दोन बस आल्या आणि गेल्या. आत जायचं धाडस काही तिला झालं नाही.

त्या दिवसापासून तिने मॅडमविरुद्ध मनात खटला उभा केला. खोटं बोलायला कोणी शिकवलं? आईला लांब ठेवायला कोणी सांगितलं? या बाईला पोरीला एकटीला गाठून काय बोलायचं असतं? तिने कुणाकुणाला विचारत मॅडमच्या आधीच्या क्लबचा फोन नंबर मिळवला. तिथला कारकून म्हणाला, "त्या स्वतःच सोडून गेल्या. एका मुलीच्या घरच्यांशी वाजलं होतं त्यांचं." कशावरून वाजलं होतं ते त्याला माहीत नव्हतं, आणि फ्रेमवालीने खोदून विचारलंही नाही. तिला तेवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी ती तलावाच्या व्यवस्थापकांपुढे जाऊन बसली. ती खोटं एक अक्षर बोलली नाही. बाई माझ्या मुलीला आमची परवानगी न घेता गाडीतून नेते, बाहेर एकटीला भेटते, मुलगी आता घरी खोटं बोलते, रडते, खात नाही, आधीच्या क्लबातही काहीतरी झालं होतं. एवढंच सांगितलं आणि थांबली. त्या थांबण्यातून व्यवस्थापकांना जे समजायचं ते समजू दिलं. त्यांचा चेहरा उतरला. "चौकशी होईपर्यंत त्यांना कामावरून दूर ठेवतो," ते म्हणाले.

बाहेर पडताना फ्रेमवालीला हलकं वाटलं. एवढं हलकं वाटायला नको होतं, हेही तिला कुठेतरी कळत होतं.

मॅडम दुसऱ्याच सकाळी दुकानात आल्या. टेबलावर अर्धी कापलेली काच होती, ती बघत त्या उभ्या राहिल्या.

"तक्रारीबद्दल मी भांडायला आले नाहीये," त्या म्हणाल्या. "चौकशी होऊ दे. पण एक गोष्ट आज सांगायलाच हवी. मुलीच्या मागावर एक माणूस आहे."

"कसला माणूस?"

"फोनवर ओळख झाली. दुसऱ्या क्लबातला सतरा वर्षांचा मुलगा आहे असं सांगून बोलायचा. मग तिचेच लांबून काढलेले फोटो तिला पाठवायला लागला. तिने नंबर बंद केला की नव्या नंबरावरून येतो. भेटायला ये म्हणून धमकावतो. त्यासाठीच मी तिला गाडीने सोडत होते. घरी सांग म्हणून मी रोज तिच्या मागे होते, ती म्हणाली स्पर्धा झाली की सांगते. मी थांबायला नको होतं, ते माझं चुकलं. पण आता ती एकटीच चालत येणार. तुम्ही तिला आणायला जा."

फ्रेमवालीने ऐकलं. आणि तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की माझ्या लेकीवर एवढं संकट असतं तर ते मला आधी कळलं असतं. हिला कसं कळेल? अंगाशी आलं म्हणून ही गोष्ट रचतेय.

"माझ्या मुलीचं काय ते मी बघेन," ती म्हणाली. "तुम्ही तुमची नोकरी बघा."

"तिला आज विचारा," मॅडम म्हणाल्या. "रागाने नका विचारू."

पण राग तर होताच. आणि त्यात ही बाई आपल्याला आपल्याच लेकीशी कसं बोलायचं ते शिकवून गेली. संध्याकाळी ठकी घरात आली ती दार आपटतच. तलावावर तिला सगळं कळलं होतं.

"तू सांगितलंस त्यांना? तू काढायला लावलंस मॅडमना?"

"आवाज खाली. आधी मला सांग, ही माणसाची काय भानगड आहे? कोण मागे लागलाय तुझ्या? का हीसुद्धा तुझ्या मॅडमचीच थाप?"

ठकीच्या तोंडावर काहीतरी उमटून गेलं, एखादं दार उघडता उघडता आतून लावून घ्यावं तसं.

"कोणी नाहीये," ती म्हणाली. "थापच आहे."

आईला हवं होतं तेच उत्तर मिळालं. बाबांनी विचारलं, "नक्की ना गं?" तर ठकी खोलीत निघून गेली होती. फ्रेमवाली अंथरुणावर पडली तेव्हा तिला आपण जिंकलो असं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तरी उद्यापासून पोरीला आणायला जायचं, एवढं मात्र तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर दुकानात एक गिऱ्हाईक आलं. पस्तिशीचा, नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट घातलेला, आवाज अगदी मऊ. त्याने पिशवीतून एक मोठा फोटो काढून टेबलावर ठेवला. पोहण्याच्या स्पर्धेतला होता, ओळीने उभ्या राहिलेल्या मुलींचा. डावीकडून तिसरी ठकी होती.

"याला चौकट करायची आहे," तो म्हणाला. "पण फोटो कापायचा नाही. वरून तुम्ही तो पुठ्ठा लावता ना, खिडकी कापलेला? ती खिडकी एवढी लहान ठेवा, की ही एकच दिसेल." त्याने बोट ठेवलं. "बाकीच्या झाकल्या तरी चालतील."

फ्रेमवालीचं बोट पट्टीवर होतं ते तिथेच राहिलं. "कोण तुमची?" तिने विचारलं.

"भाची आहे," तो हसला. "तुम्ही पाहिलं असेल हिला. घ्या ना, माप घ्या."

तिने माप घेतलं. वाकून, पट्टी लावून, लेकीच्या चेहऱ्याच्या चारी बाजूंनी पेन्सिलीने खुणा केल्या, कारण हाताला दुसरं काही सुचत नव्हतं. तो फोन हातात धरून उभा होता, काहीतरी वाचत असल्यासारखा. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती सरकत होती, आणि तरी ती दुकानदारीणच राहिली. चौकट कुठली, काच साधी की बिनचकाकीची, नाव काय लिहू?

"नाव राहू दे. घाई नाही. आज ती भेटणारच आहे मला, तिलाच विचारतो कुठली आवडेल ते." तो दारापर्यंत गेला, वळून म्हणाला, "तुमचं काम छान आहे. ती नेहमी सांगते."

तो दिसेनासा होईपर्यंत ती जागची हलली नाही. मग तिने ठकीला फोन लावला. बंद. शाळेत लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, पोटात दुखतंय म्हणून ती मधल्या सुट्टीनंतर घरी गेली. फ्रेमवालीच्या फोनमध्ये 'पोहणं' या नावाने साठवलेला मॅडमचा नंबर होता. तो तिने लावला, आणि पहिली घंटा पुरी व्हायच्या आत पलीकडून उचलला गेला.

"ती तुमच्याकडे आहे का?" फ्रेमवालीने विचारलं. लेक त्या बाईकडे असावी असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं, आणि जीव तोडून वाटत होतं.

"नाही. तो आला होता?"

"दुकानात. आत्ताच गेला."

"मोठ्या बाजाराची इमारत," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यात वरचा मजला, गाड्या लावतात तो. तो तिला नेहमी तिथेच बोलावतो. मी निघाले. पोलिसांना फोन तुम्ही करता का मी?"

"तुम्ही करा," फ्रेमवाली म्हणाली. "मी काय सांगू त्यांना? मला तर काहीच माहीत नाही." हे बोलतानाही काहीतरी टोचलंच.

मग तिने नवऱ्याला फोन केला. सगळं एका दमात सांगितलं. कधी नव्हे ते त्याने काही विनोद केला नाही. "त्या इमारतीच्या लिफ्ट माझ्याकडेच आहेत," तो म्हणाला. "वॉचमनला सांगून त्या खाली थांबवतो, म्हणजे उताराचीच एक वाट राहील. तू गाड्यांच्या उतारावरून जा. मी येतोय. अगं, नीट जा."

निघताना तिने कागदात गुंडाळलेली एक तयार चौकट उचलली. कशासाठी, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं. कदाचित रिकाम्या हाताने जायची हिंमत झाली नसेल. इमारत दुकानापासून हाकेच्या अंतरावर होती. उतार गोल गोल वर जात होता, गाड्यांच्या टायरांचा वास येत होता, आणि चौकटीची कड तिच्या बरगडीत रुतत होती.

वरच्या मजल्यावर ऊन होतं. गाड्या मोजक्याच. कठड्याजवळ एक करडी गाडी, तिचं दार उघडं. ठकी शाळेचं दप्तर छातीशी धरून उभी होती आणि त्या माणसाने तिचा कोपर धरला होता. जोराने नव्हे, एखाद्याला रस्ता ओलांडायला मदत करावी तसा. तो वाकून हळू आवाजात काहीतरी समजावत होता.

फ्रेमवालीला किंचाळावंसं वाटलं. पण किंचाळलं तर तो पोरीला आत ढकलून दार लावेल, एवढं तिला त्याही वेळी दिसलं. तिने श्वास घेतला आणि दुकानात गिऱ्हाइकाला मारते तशी हाक मारली.

"साहेब, बरं झालं भेटलात. तुमचं काम झालंय."

तो गर्रकन वळला. ठकीचे डोळे लहानपणीसारखे गोल झाले. फ्रेमवाली चालत राहिली, ना घाईने ना हळू.

"म्हटलं, कशाला परत हेलपाटा. एकदा बघून घ्या. खिडकी लहान वाटली तर बदलून देते." ती अगदी त्याच्यापुढे येऊन उभी राहिली आणि पुडकं त्याच्या अंगावर धरलं.

माणूस सवयीचा गुलाम असतो. पुढे आलेली वस्तू घ्यायला त्याचे दोन्ही हात आपोआप वर आले. कोपर सुटला.

"ठकी, पळ."

ठकी पळाली. त्याने पुडकं फेकलं, काच फुटली, आणि तो लेकीच्या मागे निघणार तोच फ्रेमवालीने त्याचा शर्ट दोन्ही मुठींत धरला. त्याने तिला ढकललं, ती काचांवर पडली. तेवढ्यात उतारावरून मॅडमची गाडी आली आणि वाटेत आडवी उभी राहिली. मागोमाग वॉचमन धावत आला. तो माणूस आपल्या गाडीत शिरला, दारं लावून घेतली आणि काचेआड बसून राहिला. पोलीस येईपर्यंत तो आतून हातवारे करत होता, गैरसमज झालाय, घरगुती मामला आहे.

फ्रेमवाली उठली तेव्हा तिने पाहिलं. ठकी मॅडमच्या गळ्यात पडली होती. पोर त्या दिशेनेच पळाली होती, समोर त्याच होत्या, दुसरं काय करणार होती ती? हे सगळं आईला समजत होतं. तरी त्या क्षणी, तळहातातून रक्त येत असताना, लेक सुखरूप आहे हे डोळ्यांना दिसत असताना, तिच्या पोटात तीच जुनी आग पडली. तिला स्वतःची भीती वाटली. त्या माणसाने पुठ्ठ्यातली खिडकी जेवढी सांगितली होती, तेवढीच आपणही मागत होतो, असं तिला वाटून गेलं.

मॅडमच्या खांद्यावरून ठकीने मान वर केली. "आई, तुला लागलंय," ती म्हणाली आणि आली.

पोलीस चौकीत त्यांना बाकावर बसवलं, मध्ये ठकी, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मॅडम. बाबा आले आणि उभेच राहिले, त्यांना बसवेना. तपास करणाऱ्या बाईंनी ठकीचा फोन मागितला आणि शेवटचा निरोप वाचला. त्यासोबत एक फोटो होता. दुकानातला, आत्ताचाच, फ्रेमवाली टेबलावर वाकून पट्टी लावतेय असा. खाली लिहिलं होतं, 'तुझी आई कामात असली की तिला आजूबाजूचं भान नसतं. तू ये, म्हणजे मी इथून निघतो.'

"हे बघून तू गेलीस?" पोलीसबाईंनी विचारलं.

ठकीने मान हलवली. "शाळेतून आधीच बाहेर काढलं होतं त्याने. म्हणत होता, नाही आलीस तर बघ. मी जाणार नव्हते. रस्त्यावर नुसती उभी होते. मग हा फोटो आला."

फ्रेमवालीने लेकीचा हात हातात घेतला. स्वतःच्या हाताला पट्टी होती, नीट धरता येत नव्हतं. तिला विचारायचं नव्हतं, तरी तिने विचारलंच. "मला का नाही सांगितलंस गं? त्यांना सांगितलंस."

"तू रडली असतीस," ती म्हणाली. "मग मला तुलाच सांभाळत बसावं लागलं असतं. मॅडम नुसत्या ऐकतात."

मॅडम समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. फ्रेमवालीला वाटलं, आपण रडणार. पण मग ती रडली नाही. आता रडणं म्हणजे पोरीचं म्हणणं खरं करण्यासारखं होतं.

त्या माणसाची आधीची दोन प्रकरणं निघाली आणि तो आत गेला. फ्रेमवाली पुन्हा व्यवस्थापकांपुढे जाऊन बसली. या वेळी तिने थांबत बिंबत सांगितलं नाही, सरळ सांगितलं. मी त्या बाईंवर जळत होते, लेक त्यांच्याकडे ओढली गेली ते मला बघवलं नाही, म्हणून मी तसं बोलले. व्यवस्थापक अवघडून पेन फिरवत बसले. आधीच्या क्लबातली भानगडही तिला तेव्हा कळली. एका बापाने हरलेल्या मुलीला सगळ्यांसमोर मारलं होतं, आणि मॅडम मध्ये पडल्या होत्या.

ती मॅडमना भेटायला गेली. तलावाच्या बाहेर, सायकली लावतात तिथे.

"मी त्यांना सगळं सांगितलंय," फ्रेमवाली म्हणाली. "तुम्ही परत येऊ शकता."

"कळलं मला."

"माफ करा म्हणायला तोंड नाही मला."

"मी मनात धरून बसणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण लगेच विसरेन असंही समजू नका. तुम्ही जे बोललात ना, तेवढ्याने माणूस आयुष्यातून उठतो." मग म्हणाल्या, "तो माणूस दुकानातून गेल्यावर तुम्ही मला फोन केलात. ते सोपं नव्हतं."

"मला दुसरं कोणी आठवलंच नाही."

"तेच म्हणतेय मी," मॅडम म्हणाल्या, आणि आत गेल्या.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. ठकी बरेच दिवस एकटी घराबाहेर पडत नव्हती. आई किंवा बाबा सोडायला जायचे, परत येताना मॅडम. कोपऱ्यावर गाडी उभी राहायची, आत सावल्या दिसायच्या. फ्रेमवाली पडद्याशी जायची, मग परत यायची, मग काहीतरी निमित्त काढून पुन्हा जायची. बाबा म्हणायचे, "अगं, त्या पडद्याच्या कड्या झिजतील." यावर ती आता हसायची, निदान अर्धवट तरी.

एका सकाळी ठकी स्वयंपाकघरात आली. आई चहा गाळत होती. पोर ओट्याला टेकून उभी राहिली, नखाने ओट्याची कड खरवडत.

"आई, एक सांगायचंय. रागावू नकोस."

फ्रेमवालीने गाळणं खाली ठेवलं. "बोल."

"गणितात नापास झालेय. चाचणीत. वाईट झालेय नापास."

फ्रेमवालीला काय वाटलं ते कुणाला सांगूनही पटलं नसतं. तिला आनंद झाला. पोर आपण होऊन आली होती, सकाळी सकाळी, न विचारता. ती काहीतरी समजुतीचं बोलणारच होती, पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"मॅडमना सांगितलंस?"

ठकीने वर बघितलं. खोटं बोलावं का असा विचार तिच्या चेहऱ्यावर येऊन गेलेला आईला स्पष्ट दिसला. "हो," ती म्हणाली. "कालच सांगितलं."

फ्रेमवालीने चहाचे दोन कप भरले. एक लेकीपुढे सरकवला, दुसरा घेऊन तिच्या शेजारी ओट्याला टेकली.

"बरं," ती म्हणाली. "मग काय म्हणाल्या त्या?"